थोरल्याची शेवटची कविता

शिजणाऱ्या हळदीचा वास आला की दादाचं ते पत्र आठवतं.

माझे दोघे भाऊ फौजेत होते आणि दोघेही सीमेवरून कविता पाठवायचे. थोरला दादा जत्रेतले पोवाडे ऐकत वाढलेला. त्याच्या कवितेत यमक, ललकारी असायची. धाकट्याच्या कानात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तो बर्फाबद्दल, ओल्या मोज्यांबद्दल हळू आवाजात बोलल्यासारखं लिहायचा. बाबांना वाचता येत नव्हतं, पण दोन ओळी ऐकल्या की कोणाची कविता ते ओळखायचे.

एका चकमकीत दादा गेला. तेराव्यानंतर टपालात रखडलेलं एक पत्र आलं, आत कविता होती. हळदीच्या कढईपाशी मी ती बाबांना वाचून दाखवली : "शेजारचा पोरगा आईला हाका मारत होता. आता मारत नाही."

"हे धाकट्याचं हाय," बाबा म्हणाले. "थोरला असं लिहीत न्हाई."

"बाबा, अक्षर दादाचंच हाय."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. आम्हा दोघांनाही रडू आलं नाही. दादाने धाकट्याची नक्कल केली, एवढंच तेव्हा वाटलं. आज वाटतं, तिथे त्याला यमक सुचलंच नसेल.

धाकटा सुट्टीवर आला तेव्हा त्याने पत्र वाचून घडी घातली. त्यानंतर त्याने कविता लिहिली नाही.