कार्टूनमधली ताई

डबिंगच्या पडद्यावर कार्टूनमधली उडणारी नायिका जखमी प्रेयसीच्या कपाळावर ओठ टेकवते. मूळ संवाद आहे, ‘तुझ्याशिवाय मी कशी जगू?’ माझ्या हातातल्या मराठी संहितेत लिहिलंय, ‘ताई, डोळे उघड!’

“ही ताई कुठून आली?”

“लहान मुलं बघतात हो, मॅडम,” दिग्दर्शक म्हणाला.

याच भागात अख्खं शहर जळतं, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतात. ते मुलांनी खुशाल बघावं! चित्रातले ओठ खोडता येत नाहीत, म्हणून नातंच खोडायचं. मी हेडफोन काढून ठेवला आणि तडक घरी आले.

जिन्यात शेजारच्या काकू नातवाला कडेवर घेऊन उभ्या. “बहीण नाही आली का गं अजून?”

“बहीण नाही ती, काकू. प्रेम आहे आमचं.”

नातू टकामका बघत होता. बघू दे.