निरगुडीचा पाला

निरगुडीचा उग्र वास आला की पारनेरच्या घरातली ती दुपार आठवते. आईच्या संधिवातानं सुजलेल्या मनगटावर मी तव्यावर गरम केलेला पाला बांधत होते. सकाळपासून तिला दोनदा चक्कर आली होती. "उपासाची चक्कर हाय, साखरपानी दे," मावशी म्हणाली. पाला दाबताना बोटांना नाडी लागली. एक ठोका पडला आणि पुढचा येईचना. आता येईल, आता येईल म्हणत मी बोटं तिथंच दाबून धरली. आईचे डोळे फिरले, मान कलली, मग कुठे ठोका आला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाताची सूज हृदयापर्यंत गेलीय, त्यानं ठोके मधेच अडतात. पेसमेकर बसवला. पाला अजून मीच बांधते. "सोड की आता," आई म्हणते, पण पुढचा ठोका लागल्याशिवाय माझी बोटं सुटत नाहीत.