काचेवर धरलेला थर्मामीटर

अविनाशला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या बैठकीच्या खोलीच्या बंद खिडकीतून. तो आत, मी बाहेर लॉनवर. एप्रिलमधली शनिवारची दुपार होती, अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या त्या शांत रस्त्यावर समोरचे गृहस्थ गाडी धूत होते, आणि मी ओरडून त्याला ताप किती आहे ते विचारत होतो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत मी म्हणालो, "फोन येताच मी धावत गेलो." सभा संपल्यावर कितीतरी जणांनी येऊन माझा हात हातात घेतला. मी खोटं बोललो होतो. ज्यांनी तो हात धरला, त्यांना खरं कळायला हवं म्हणून हे लिहितो आहे.

अविनाश आणि मी एकाच औषध कंपनीत होतो, तो आकडेवारीच्या विभागात, मी संगणकाच्या. २००१ च्या अखेरीस त्याची नोकरी गेली. आठ महिने घरी बसावं लागलं, त्या काळात त्याने युरोपचं मध्ययुग वाचायला घेतलं. प्लेग, शहराबाहेरची महारोग्यांची घरं, बंदरात चाळीस दिवस अडवलेली जहाजं... पुन्हा नोकरी लागल्यावरही ते वेड सुटलं नाही. दोघांची ऑफिसं आता एकाच वाटेवर होती, म्हणून आम्ही एका गाडीने जायचो. सिग्नलला गाडी थांबली की तो सुरू. "महारोग्याच्या हातात घंटा असायची ना, ती लोकांनी लांब पळावं म्हणूनच नव्हती. थांबून काहीतरी द्यावं, म्हणूनही होती." मी म्हणायचो, "यार, सकाळी सकाळी महारोगी नकोत. कॉफी तरी होऊ दे." तो हसायचा आणि पुढे सांगायचा. प्लेगमध्ये मरणारा माणूस खिडकीतून आपलं मृत्युपत्र सांगायचा, लिहिणारा खाली रस्त्यावर उभा राहून लिहून घ्यायचा, हे मला त्यानेच सांगितलं. त्याचा खरा शोध होता तो शहरांनी नेमलेल्या वैद्यांचा. साथ आली की त्यांतले पुष्कळ निघून जायचे, काही मागे राहायचे. "गेले ते मला कळतात रे," तो म्हणायचा. "घरी पोरंबाळं असणार. राहिले ते का राहिले, ते सापडत नाही."

यंदा मार्चच्या शेवटी तो टोरोंटोच्या एका ग्रंथालयात चार दिवस जुनी हस्तलिखितं बघायला गेला. तेव्हाच तिथे सार्सची, त्या नव्या श्वसनाच्या संसर्गाची, साथ पसरली. त्याची बायको, सुनंदावहिनी, आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेल्या. टोरोंटोहून परत आल्या आल्या अविनाशने मला फोन केला. "मी दहा दिवस घराबाहेर पडत नाही. पाडव्याच्या कार्यक्रमालाही येत नाही. दूध-ब्रेड तेवढं दाराशी ठेवत जा." मी ठेवत गेलो. पिशवी पायरीवर ठेवायची, बेल दाबायची आणि गाडीत येऊन बसायचं. तो दार उघडून गमतीने लवून मुजरा करायचा. तिसऱ्या दिवशी पाडव्याचा कार्यक्रम करणाऱ्या इथल्या मराठी मंडळातून फोन आला : तू त्याच्याकडे जातोस असं कळलं, लहान मुलं असतात, कार्यक्रमाला यायचं असेल तर जरा विचार कर. मी विचार केला. माझी सई आठ वर्षांची, तिला दमा, आणि कार्यक्रमात तिचा नाच बसवलेला होता. अविनाशला सांगितलं की ऑफिसात काम वाढलंय. तो म्हणाला, "हरकत नाही, डाळ-तांदूळ आहे."

सातव्या दिवशी, कार्यक्रमासाठी घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात श्रीखंड-पुरीच्या रांगेत असताना माझा फोन वाजला.

"अरे, छातीत जड वाटतंय. श्वास लागतोय थोडा."

"ताप आहे?"

"नसावा."

"नाइन-वन-वन कर, अँब्युलन्स बोलाव."

"नको यार. ते अंगभर प्लास्टिक घालून येतील, सगळा रस्ता बघेल. आपल्यातल्या एखाद्या डॉक्टरला विचार ना."

इथे आम्ही सगळे हेच करतो. आधी आपला डॉक्टर, मग बाकीचं. मंडळातले एक डॉक्टर माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभे होते. त्यांना मी सांगितलं, अविनाशला श्वास लागतोय, तो टोरोंटोहून आलाय. छातीचं सांगितलं नाही. लपवलं नाही, पण माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच आजार होता आणि त्यात बसेल तेवढंच तोंडातून बाहेर पडलं. डॉक्टर म्हणाले, "आधी ताप बघ. आत मात्र जाऊ नकोस." निघताना मेधाने, माझ्या बायकोने, दंड धरला. "सईचा विचार कर. आत जाणार नाहीस ना?" नाही म्हणालो.

त्याच्या घरासमोर मी गाडीतच बसून राहिलो. घड्याळाकडे बघत होतो म्हणून माहीत आहे : अकरा मिनिटं. मग खिडकीशी गेलो. तो भिंतीला धरून आला. थर्मामीटर तोंडातून काढून त्याने काचेवर टेकवला. हात थरथरत होता, आकडे दिसेनात. "नीट धर," मी ओरडलो. माझे त्याच्याशी बोललेले शेवटचे शब्द ते. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ताप नव्हता... आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तो खाली बसला, बसला म्हणजे घसरला. मग मी नाइन-वन-वन केला. अँब्युलन्सची माणसं आली. एकाने दार ढकललं. ते उघडंच होतं. त्याने माझ्यासाठी कडी काढून ठेवली होती.

हृदयविकार होता. आधी पोचला असता तर वाचला असता का, ते इस्पितळातल्या डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही.

वहिनी पुण्याहून परतल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होतात जवळ, एवढं तरी झालं." दोन आठवडे मी ते ऐकून घेतलं. मग एका रविवारी सगळं सांगितलं, कॅफेटेरियापासून दाराच्या कडीपर्यंत. त्या माझ्याकडे पाठ करून ओट्यावरची भांडी आवरायला लागल्या. "मला आज काही बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "त्यांची त्या वैद्यांच्या नोंदींची कार्डं लावायची आहेत. मला त्यातलं कळत नाही. शनिवारी या."

तेव्हापासून शनिवारी जातो. वहिनी दार उघडतात आणि स्वयंपाकघरात निघून जातात. त्याच्या खोलीत बुटांच्या तीन खोक्यांत कार्डं आहेत, एका वैद्याला एक. गाव, साल, पगार इंग्रजीत. खालच्या कोपऱ्यात मात्र पेन्सिलीने, मराठीत एकच शब्द : 'गेला' किंवा 'राहिला'. मी ते संगणकावर उतरवतो. थोड्या कार्डांवर 'गेला' लिहून पुढे 'परत आला' असंही लिहिलेलं आहे. पहिलं तसं कार्ड हाती आलं तेव्हा मी ते उलटून पाहिलं, मग भिंगाखाली धरलं. किती उशिरा आला, ते त्याने लिहिलेलं नाही.