माशाला अहो

"मोठ्यांना अरे-तुरे नाय कराचा," असं आमच्या शेजारचे काका म्हणायचे, आणि मोठे म्हणजे मासे. माणसांत त्यांना कोणी तेवढं मोठं भेटलं नसावं.

कोलशेतच्या कोळीवाड्याच्या बोलीत बापालाही 'तू' आणि देवालाही 'तू'. मग साहेबाला वेगळं काय? खाडीत मेलेल्या माशांचा थर आला तेव्हा आम्ही चळवळीतली माणसं प्रदूषण मंडळाच्या साहेबांकडे निवेदन घेऊन गेलेलो, काकाही बरोबर होते. मी तोंडाने 'सर, आपण' करत होते आणि आतून जळत होते. काकांनी सरळ विचारलं, "तू कवा येशील खाडीवर? तुना दावतो." साहेबांचा चेहरा आंबला. आधी ते मानमर्यादेवर बोलले, मग म्हणाले की मासे कंपन्यांच्या पाण्यानेच मेले याला पुरावा काय. बाहेर येऊन मी पायरीवरच शिव्या घालायला लागले. काकांचं मत वेगळं होतं: साहेब घाबरलेला आहे, त्याला चहा पाजायला हवा होता.

तुम्हीही कधीतरी आमची पत्रकं हातात घेतली असतील, निदान चुरगळून टाकली असतील. पहिल्या ओळीत 'धिक्कार', शेवटच्या ओळीत 'जाब द्या'. काका माझं प्रत्येक पत्रक पूर्ण वाचायचे, उलटं करून पाठही बघायचे आणि म्हणायचे, "गो बाय, तुजे पत्रकान मासा कुठं हाय?"

खरं तर मासा खाडीतही उरला नव्हता. काकांच्या वडिलांनी तिथे माणसाएवढे जिताडे धरलेले. काकांच्या वाट्याला कारखान्यात क्रेन चालवणं आलं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी मिळालेल्या पैशांत घरावर मजला चढवला, काकांनी अंदमानचं तिकीट काढलं. मासा गेला तिकडे आपण जायचं, एवढा साधा हिशोब. तेव्हापासून दरवर्षी ते तिथे जायचे, मोठी बोट, मोठी काठी, मोठा गळ. मासा ओढून बोटीला लावायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. खाण्यासाठी मारणं मला समजतं. पण खेळ म्हणून एका जिवाला घसा फाटेस्तोवर ओढायचं? मी तोंडावर म्हटलं, हा श्रीमंतांचा माज तुम्हाला कुठून चिकटला? पत्रकाचं शीर्षकही ऐकवलं: 'छंद की छळ?' काका चिडले नाहीत. ये, बघ, मग लिही, म्हणाले. मग जरा थांबून: "एक जरी माझे हातान मेला ना, तर ही काठी बंद. कायमची."

त्या वर्षी बरोबर येणारा पुतण्या आयत्या वेळी गळला, त्याच्या जागी मी गेले. पत्रक लिहायलाच गेले.

तिथलं पाणी मी सांगू शकत नाही. बेटाची कड संपते आणि समुद्र एकदम खोल जातो, निळा संपून जवळजवळ काळा होतो. काका बोटीच्या मागच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसले होते. काठी वाकली, दोरी किंचाळत सुटली आणि काका हळूच म्हणाले, "आले."

मग पाणी फुटलं आणि मार्लिन मासा वर आला. आमच्या रिक्षेपेक्षा लांब. भाल्यासारखी चोच, अंगावर निळे पट्टे, आणि पूर्ण शरीर हवेत. शेपटीसकट. क्षणभर तो तिथेच राहिला असं मला वाटलं. एवढं मोठं, एवढं कुणाचंच नसलेलं काही मी तोवर पाहिलंच नव्हतं.

सूर्य डोक्यावर येईपर्यंत ते चाललं. काकांच्या तोंडात एकच, "या, दमानं या." शेवटी मासा बोटीला लागला तेव्हा राखाडी पडला होता आणि कुशीवर कलंडला होता. बोटीवरचा माणूस म्हणाला, "अंकल, ये तो गया."

काका खाली वाकले, दोन्ही हातांनी चोच धरली. बोट अगदी संथ पुढे न्यायला लावली, म्हणजे पाणी तोंडातून आत जाईल, कल्ल्यांतून बाहेर. त्यांचा चेहरा पाण्याला टेकत होता. "घ्या, दम घ्या. घाई नाय कुणाला." किती वेळ गेला कोण जाणे. मग कल्ला हलला. राखाडी अंगात आतून कुणीतरी दिवा लावावा तसे पट्टे उजळले, शेपटीचा एक फटका बसला आणि मासा काकांच्या हातांतून खाली गेला.

बोटीवर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काका मात्र पाण्यात बघत बसले.

"पोचले असतील ना?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, मेला असता तर वर आला असता. त्यांनी मान हलवली. "हे मेले तर बुडतात, बाय. वर येत नाय."

मग त्यांनी काठी बोटीवरच्या माणसाच्या हातात दिली. ठेव, म्हणाले. त्याला वाटलं धुवायला दिली; मला मात्र त्यांचं 'कायमची' आठवलं. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो असं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर ऐकत आलेय. काकांनी तो माशाला दिला.

मी ते पत्रक लिहिलं नाही. काका पुन्हा अंदमानला गेले नाहीत; घरी सांगितलं, खांदा दुखतो. गेल्या वर्षी काका वारले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मला तावातावानेच बोलता येतं; तिथे मी त्या दुपारची गोष्ट सांगितली. काकू पुढेच बसल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मंग तो मासा जगला ना गो?" त्यांनी विचारलं.

सगळा कोळीवाडा माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणाले आणि खाली बसले.