नवऱ्याविरुद्ध उभी राहिलेली वार्सिती

वार्सितीला मी दोनदा नटवलं. पहिल्यांदा मार्गोनोशी तिचं लग्न लागलं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ती त्याच मार्गोनोविरुद्ध गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा. मतदानाच्या दिवशी उमेदवार मांडवात सकाळपासून नटून बसतात, मत द्यायला येणाऱ्यांनी तोंड बघून आत जावं म्हणून. आणि आमच्या सुंबेरलावांग गावात नवरी असो की उमेदवार, कपाळ माझ्याच हातून रंगतं. दोन्ही वेळा पोरगी थरथरत होती. लग्नात मी तिला चिमटा काढून हसवलं होतं. दुसऱ्या वेळी माझीच हिंमत झाली नाही.

तशी ती टेम्पे करून विकणारी साधी बाई. सोयाबीन पायांनी तुडवायचं, सालं काढायची, केळीच्या पानात बांधून आंबवायला ठेवायचं, आणि पहाटे सायकलवर टोपली बांधून बाजार गाठायचा. तोंडाने फटकळ, पण दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायची नाही. तिचं माहेर गावातच, नदीकाठच्या वाडीत. तिथे तिची आई, आम्ही सगळे तिला म्बोक म्हणायचो, अर्ध्या अंगाने लुळी होऊन खाटेवर पडलेली. ‘मला इथून हलवायचं ते तिरडीवरच,’ एवढं एकच तिचं म्हणणं. वरच्या अंगाला वाळू उपसायची यंत्रं लागली तसा वाडीखालचा काठ ढासळायला लागला. आधी बांबूचं बेट गेलं. मग शेजारच्या घराचं स्वयंपाकघर गेलं, चुलीवरच्या भातासकट. म्बोकच्या अंगणात हात जाईल एवढी भेग पडली.

यंत्रं अजून लांब होती. वाडीच्या अगदी पायथ्याशी जो पट्टा आहे तो गावाच्या मालकीचा, आणि गावसभेने होकार देऊन प्रमुखाने सही केल्याशिवाय तो कोणाला भाड्याने देता येत नाही. जुन्या प्रमुखाने तो कधी दिला नाही. त्याची मुदत संपली आणि वार्सितीला घोर लागला. आई जिवंत आहे तोवर तो पट्टा कोणाच्या हाती जाऊ नये, एवढंच त्या बाईला हवं होतं.

आणि उभा कोण राहिला, तर तिचाच नवरा. मार्गोनो वाईट माणूस नव्हे. गोड बोलणारा, कबुतरं पाळणारा, कोणी काही विचारलं की आधी ‘हो’ म्हणून मग प्रश्न ऐकणारा. त्याला उभं केलं वाळूवाल्या द्राजतने, ज्याला सगळे मानाने पाक द्राजत म्हणतात. हा द्राजत कधी आवाज चढवत नाही. गरिबाच्या झोपडीतसुद्धा चपला बाहेर काढून, वाकून आत जातो. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही, पण आवडला नाही म्हणून सांगण्यासारखं त्याने कधी काही केलंही नाही.

आमच्याकडे उमेदवाराचं दार एकदा उघडलं की मतदानापर्यंत मिटत नाही. येईल त्याला कॉफी, लवंगेची सिगरेट, भाताची थाळी, आणि जाताना घरच्यांसाठी डबा. नुसत्या नावावर कोण उभं राहणार? दोघा-तिघांनी इच्छा बोलून दाखवली होती. द्राजतने मार्गोनोच्या अंगणात मांडव घातला, तांदळाची पोती उतरवली, तसे ते गुपचूप घरी बसले. मग पंचाईत झाली. एकटा उमेदवार चालत नाही, निदान दोन लागतात. अशा वेळी करतात तेच झालं. बायकोला उभं केलं. नवऱ्याची निशाणी भाताची लोंबी, बायकोची मक्याचं कणीस.

“नुसतं नावाला गं, सिती,” मार्गोनो म्हणाला. मी तेव्हा त्यांच्याच ओसरीवर बसले होते, माझ्याकडे हात करून तो पुढे म्हणाला, “एक दिवस नटून बसायचं. बु रुकिनी छान नटवेल तुला.”

“आणि निवडून आल्यावर वाडीखालचा पट्टा द्राजतला देणार?”

“ते तेव्हाचं तेव्हा बघू.”

“अहो कांग, तुमचं बघणं मला माहितीये. बघता बघता माझी आई नदीत जाईल.”

“तू पण ना! शुभ बोल की जरा.”

त्या घरात मग जी गंमत सुरू झाली ती मी जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या अंगणात भाताचे मतदार बसून कॉफी पीत, आणि कॉफी करून देणारी बाई मक्याची. वाडीतली माणसं पुढच्या दाराने येऊन मार्गोनोला नमस्कार करत, त्याच्या सिगरेटी ओढत, आणि हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरत.

“आमचं मत कणसाला हं,” असं आधी म्हातारा म्बाह जोयो, म्हणजे जोयोआजोबा, बोलला. ज्याचं स्वयंपाकघर नदीने नेलं तोच हा.

“म्बाह, चेष्टा करू नका. मी नावापुरती आहे.”

“मग नाव चांगलंय की. तू पट्टा देशील का?”

“मेले तरी नाही देणार.”

“झालं तर मग. अजून थोडा भात वाढ.”

हळूहळू वाडीपलीकडची माणसंही तसंच कानाशी लागून सांगायला लागली. वार्सिती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला ती थोरल्या बहिणीसारखी म्बाक म्हणायची. “म्बाक रुकिनी, मी निवडून आले तर काय होईल हो?”

“काय होईल? नवरा चार दिवस फुगून बसेल.”

“मी कोणाला एक रुपया दिला नाही. कोणाचा घेतला नाही. तो सगळा खर्च ह्यांच्या नावावर होतोय. मग मी कोणाची मिंधी नाही ना?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

तेव्हापासून ती जरा ताठ चालायला लागली. आईला भरवताना सांगायची, आता यंत्र येणार नाही हं. म्बोक म्हणायची, बरं.

मतदानाच्या दिवशी पहाटे पैशांची पाकिटं फिरली. पहाटेचा हल्ला म्हणतात आमच्याकडे त्याला. द्राजतची माणसं भातासाठी वाटत सुटणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण मी वार्सितीच्या कपाळावर काजळाची रेघ ओढत असताना खबर आली की वाडीत कणसासाठीही पाकिटं फिरली. घरटी एक, आणि भातापेक्षा जाड.

ती ताडकन उठली. काजळ गालभर फासलं गेलं. “कोणी? कोणी वाटली माझ्या नावाने?”

लोक म्हणाले, कोणी तरी बाहेरगावचा जुगारी असेल. निवडणुकीवर पैजा लागतातच, आणि बायकोवर पैज लावलेल्याने बायको जिंकावी म्हणून हात सैल सोडला असेल. मलाही ते पटलं. वार्सिती मात्र लुगडं वर धरून तशीच वाडीत धावली आणि मी पुसायचा कपडा घेऊन तिच्या मागे.

“म्बाह, ते पाकीट परत करा!”

म्बाह जोयो दारातच होता. “कोणाला करू? देणारा तर गेला.”

“पण तुम्ही तसंही मला मत देणार होता ना?”

“देणारच होतो. देणारच आहे. पण दारात आलेलं नाकारणं बरं दिसतं का, बाळ? सुनेचं औषध आणायचं होतं.”

मी तिला ओढत मांडवात आणलं, गाल पुसला, पुन्हा रंगवलं. दिवसभर दोघं शेजारी शेजारी बसली. मार्गोनो येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून मान लववत होता. वार्सिती समोर बघत होती. गावातली पोरं ओरडत होती, “लग्न पुन्हा लागतंय! लग्न पुन्हा लागतंय!”

मोजणीत एकेक मत उघडून मोठ्याने पुकारतात. भात, मका, भात, मका, मका, मका. वाडीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी कणीस पुढे गेलं आणि माणसांनी तिला उचलून घेतलं. ती रडत होती. तिला आनंद झाला होता, मी सांगते ना. तिने माझा हात धरून सांगितलं, “म्बाक, वाचली हो आई.” मार्गोनो उठून कबुतरांकडे गेला.

संध्याकाळी द्राजत आला. चपला बाहेर काढल्या, वाकून आत आला, आणि दोन्ही हातांनी तिचा हात हातात घेतला. “अभिनंदन, बु लुराह,” तो म्हणाला. म्हणजे गावप्रमुखबाई.

“पाक, तुमचा माणूस पडला,” वार्सिती म्हणाली. “तुमचा पैसा पाण्यात गेला.”

“माझा माणूस कसा पडेल?” तो हसला. खरंच मायेने हसला, मेला. “तुमचा अर्ज, अनामत, हा मांडव, बु रुकिनींची बिदागी, सगळं माझ्याकडूनच आहे. दोन उमेदवार लागतात, तर दोघांचं करायला नको? वाडीतली पाकिटंसुद्धा माझीच. मार्गोनो भला माणूस आहे, पण वाडी त्याचं ऐकत नाही. तुमचं ऐकते.”

“मी सही करणार नाही.”

“नका ना करू. गावसभेला विचारा. वाडीला विचारा. लोक नको म्हणाले तर मी दुसरी नदी बघेन. मी कधी कोणावर जबरदस्ती केलीये?”

तो गेल्यावर वार्सिती मला म्हणाली, “बघितलंत? स्वतःच अडकला. वाडी कशी हो म्हणेल? त्यांचीच घरं आहेत.” आणि मी मूर्ख, मीही मान हलवली.

गावसभा भरली. चटयांवर सगळे मांडी घालून बसले. प्रत्येकापुढे चहा आणि वाफवलेल्या केकचा डबा, तोही कोणी पाठवला ते विचारायला नको. वाडीतली माणसं पुढच्याच रांगेत होती. द्राजत मागे, खांबाला टेकून. सभेच्या अध्यक्षाने पट्ट्याचा विषय वाचला आणि वार्सितीकडे दिला. आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत. ज्याला नको त्याने बोलायचं. कोणी बोललं नाही की सगळ्यांचा होकार धरतात.

“वाडीखालचा पट्टा वाळूसाठी द्यायचा आहे,” ती म्हणाली. “कोणाची हरकत?”

कोणी बोललं नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

“तुमच्या घरांखालचाच पट्टा. हरकत असेल त्याने बोला. घाबरू नका, मी आहे.”

माणसं मिठाची गुळणी धरून बसली. कोणी डब्याची दोरी सोडत होतं, कोणी चटईची काडी उपटत होतं. सगळी वाडी, जिने तिला खांद्यावर घेतलं होतं तीच.

“म्बाह जोयो! तुम्ही तरी बोला. तुमची चूल गेली त्या नदीत.”

म्हातारा कसाबसा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “बु लुराह, आम्ही पाकीट घेतलंय. घेतलेल्याचं मीठ जिभेवर असताना माणसाने तोंड कसं उघडायचं? लाज वाटते.”

“ते पाकीट माझं नव्हतं, म्बाह! ते याचं होतं!” तिने द्राजतकडे बोट केलं.

म्बाह जोयोने मागे वळून बघितलं, आणि तिथूनच द्राजतला हात जोडले. “त्यांचं होतं? मग तर बोलायलाच नको, बाळ. त्यांच्यासमोर तर अजिबातच नको.” आणि तो खाली बसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहून म्हटलं, माझी हरकत आहे. अध्यक्ष म्हणाला, बु रुकिनी, तुम्ही वाडीत राहत नाही. मग वार्सिती म्हणाली, तर माझी हरकत आहे. अध्यक्षाने नम्रपणे मान लववली. तिच्या आईचं घर तिथे, तेव्हा या विषयात प्रमुखाने स्वतःचं मत न दिलेलंच शोभेल, असं तो म्हणाला. सभा त्यालाही गप्प राहिली. कागद तिच्यापुढे सरकवला, आणि सभेने होकार दिल्यावर सही अडवायचा हक्क गावप्रमुखाला नसतो, म्हणून तिने ती केली.

सभेतून ती निघाली आणि मी तिच्या मागे. सरळ वाडीत आईकडे गेली. खाली काठाला यंत्र उतरवायला माती सपाट करायचं काम सुरूच झालं होतं, घरातली भांडी वाजत होती. वार्सितीने कपडे गाठोड्यात बांधायला घेतले. म्बोकने खाटेवरून मान वळवली.

“कसला गं आवाज?”

“यंत्र आलंय, म्बोक. तुला माझ्या घरी नेते.”

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. तिला खरंच कळत नव्हतं.

“पण निवडून तर तू आलीस ना?” ती म्हणाली. “मग सांग की त्यांना, थांबा म्हणून.”

वार्सिती गाठोडं तसंच हातात धरून आईच्या पायाशी बसली, आणि खाटेच्या माचव्यावर डोकं टेकून मोठमोठ्याने रडायला लागली.