ताग्यांच्या खोलीत कोणी नाही

कारखान्यात त्याला तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे घुम्या. शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. शिलाईला सगळ्या बायका आणि कापड कापायला हा एकटा. टेबलावर कापडाचे थर रचायचे, विजेचा कटर धरायचा आणि रेघेवरून असा न्यायचा की अगदी खालच्या थरालाही केसाइतका फरक पडू नये. कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की गडी मूग गिळून बसायचा.

दुपारचं जेवण उरकलं की तो उठून मागच्या ताग्यांच्या खोलीत जायचा. दिवा लावायचा नाही. चहूकडून कापड, त्यामुळे मशिनींची घरघर निम्म्यावर यायची. फ्लॅनेलच्या ताग्यावर हात ठेवून तो थोडा वेळ बसायचा आणि माणसात येऊन बाहेर पडायचा. बायकांचे तर्क चालूच होते. कोणी म्हणे झोपतो, कोणी म्हणे चोरून फोन करतो. एकीने तर त्याचं परस्पर लग्नही लावून टाकलं होतं.

खरं काय ते घरी धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा ऑटिझम आहे; तुमच्यात खोट नाही, घडण वेगळी आहे. आवाज, उजेड, माणसं, सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा मधूनमधून दार लावून घ्यायला शिका. तोवर या पठ्ठ्याने तीन-चार नोकऱ्या टाकल्या होत्या. एक दिवस डोकं भरायचं आणि दुसऱ्या दिवसापासून हा जायचाच नाही. बहिणीने मग हळूहळू घडी बसवली. शर्टाच्या मानेवरची टोचणारी लेबलं कापून टाकली. डबा रोज तोच, म्हणजे निवडायची कटकट नको. कानात कापूस. एक गठ्ठा कापून झाला की पाणी प्यायचं, कारण तहान लागलीय हेसुद्धा याला डोकं ठणकायला लागल्यावर कळायचं. एखाद्या दिवशी नाही जमलं तर नाही जमलं, उद्या बघू. एवढ्याच जोरावर तो इथे टिकला होता. पण कारखान्यात कोणापाशी अवाक्षर काढेल तर शपथ.

आणि घोळ झाला तो त्यापायीच.

काजं-बटणं करणारी मावशी तिथली सगळ्यांत थोरली. तिचा घुम्यावर फार जीव. तिने मालकाकडून त्याचा वाढदिवस काढून घेतला, केक आणवला, फुगे फुगवले. आता लपायचं कुठे? तर जिथे तो न चुकता जातो तिथेच. धन्य आहे त्या बायकांची. दिवा घालवून सगळ्या ताग्यांमागे दबा धरून बसल्या. याने दार लोटलं, आत आला, आणि कानाशी एकदम आरोळी उठली. झपकन दिवा लागला, फुगे फुटले आणि कोणीतरी मागून मिठी मारली.

मिठी मावशीची होती. त्याचं कोपर गेलं ते थेट तिच्या तोंडावर. ओठ फाटला, रक्त आलं. हा दोन्ही कान दाबून खाली बसला आणि ओरडतच राहिला. मग उठला आणि अनवाणी घरी पळाला.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही कारखाना चालवायचा होता. "बायका घाबरल्यात, मास्तर. तुझ्या हातात दिवसभर कटर असतो. उद्या येऊन झालं काय ते सांग, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

सकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ही वेळ ओळखीची होती. जायचं नाही, संपलं. पण या वेळी ती नोकरी टाकायच्या नुसत्या विचाराने त्याला रडू येत होतं.

"सगळ्यांना सांगायचा घाट घालू नकोस, दादा," बहीण म्हणाली. "मावशींना एकट्यांना सांग. बाकीच्या यायच्या आत. तेवढंच. मग वाटलं तर सरळ घरी ये, मी काही म्हणणार नाही."

"आणि तोंडच उघडलं नाही तर?"

"तर नाही उघडलं. दारापर्यंत जाऊन तर ये."

कोपऱ्यावरून तो मागे फिरला, थांबला, पुन्हा निघाला. कारखान्यात मावशी एकटीच होती. तिचा ओठ सुजला होता. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे उडाली.

"मुद्दाम नाही," तो कसंबसं म्हणाला.

"ते कळलं रे मला. पण कालपासून एकच डोक्यात आहे. या म्हाताऱ्या बाईचा तुला एवढा तिटकारा कधीपासून आला?"

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ती आपल्याला भ्यायली असेल म्हणून हा मरत होता, आणि ती बापडी समजत होती की आपण त्याला नकोशा झालोय. ते मात्र त्याला सोसेना. जमिनीकडे बघत, तुटक तुटक, त्याने सांगून टाकलं: आवाज, उजेड, डॉक्टर, टाकलेल्या नोकऱ्या. "तुम्हाला टाळायला नाही जात मी तिथे. संध्याकाळपर्यंत तुमच्यात टिकता यावं म्हणून जातो."

मावशीने हातातला शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आधी का नाही बोललास? आम्ही काय मनकवड्या आहोत? जा, कामाला लाग. बाकीच्यांना मी सांगू का?"

त्याने मान डोलावली.

तिने काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही. मालक आला, मावशीशी बोलला, याच्या टेबलापाशी येऊन "बघू" म्हणाला आणि गेला. दोघीजणी तरीही त्याच्या टेबलाला वळसा घालूनच जात होत्या.

दुपारी तो सवयीने उठला आणि ताग्यांच्या खोलीच्या दारात अडला. आत अंधार. कालपर्यंत त्या अंधारात कोणी नसायचं. आता असू शकत होतं. डोकं भरत आलं होतं, मशिनी सुरू व्हायच्या बेतात होत्या, आणि पाऊल उचलत नव्हतं.

मावशी उठून आली. तिने दिवा लावला, एकेका ताग्यामागे डोकावली, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून फळीखालीसुद्धा बघितलं.

"कोणी नाही," ती म्हणाली आणि दिवा बंद करून बाहेर आली. तरी तो हलेना. तेव्हा तिने आपलं स्टूल ओढलं आणि दाराकडे पाठ करून बसली.

तो आत गेला.

मशिनी सुरू झाल्या. पलीकडून एकीने हाक मारली, "मावशी, काजं राहिलीत तुमची."

"राहू देत," मावशी म्हणाली. "माझा माणूस आत आहे."