न बघता केलेली सही

प्रादेशिक सहकार्य हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बीडला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. तेव्हा देशाची बाजारपेठ नुकतीच खुली झाली होती. मीटिंगमध्ये चहाच्या जागी थंड बाटल्या आल्या होत्या आणि प्रत्येकाला चेन असलेली पिशवी मिळाली होती. मी एका आरोग्य केंद्रात मलेरियाच्या स्लायडी तपासायचो. आमच्याकडं सहकार म्हटलं की लोक आधी चेअरमन कोण ते विचारतात, म्हणून मीही शेजारच्याला तेच विचारलं. तो शेजारच्या जिल्ह्यातला, माझ्यासारखाच टेक्निशियन होता. तो लई हसला, आणि तिथंच आमची दोस्ती जमली.

योजना चांगली होती, उगीच नावं ठेवत नाही. आमची माणसं ऊसतोडीला त्यांच्या जिल्ह्यात जातात. ताप तिथं येतो, गोळ्या तिथं मिळतात आणि आजारी माणूस गावी परततो. तेव्हा नेहमीच्या गोळ्या अजून लागू पडतात का, हे दोन्ही जिल्ह्यांनी मिळून बघायचं होतं. गोळ्या दिल्यावर सातव्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायचं. लबाडी नको म्हणून त्यांच्या स्लायडी आम्ही तपासायच्या, आमच्या त्यांनी. स्लायडीवर फक्त नंबर असायचा. तपासणाऱ्याची सही एका चिठ्ठीवर घ्यायची आणि ती पेशंटच्या कार्डाला डकवायची.

आता माणुसकी आडवी आली. मी पहिल्याच महिन्यात त्यांच्या दोन स्लायडीत जंतू काढले, तर जिल्ह्याचा आकडा बिघडला म्हणून त्या दोस्ताला त्याच्या साहेबानं उभं-आडवं घेतलं. त्यानं मला फोन केला. रागावला नाही, नुसता माझ्या घरच्यांची खुशाली विचारत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्याच्या ताटात खडा काढून दाखवावा तसं केलं होतं मी. पुढच्या गठ्ठ्यासोबत त्यानं गुळाची ढेप पाठवली. मी हुरड्याची पिशवी पाठवली. त्यानंतर त्यांच्या स्लायडीत जंतू सापडायचे बंद झाले, आणि आमच्याही. एक स्लाईड नीट बघायची तर मायक्रोस्कोपखाली शंभर जागा बघाव्या लागतात. मी एकही बघेनासा झालो. चहा पीत गठ्ठाभर सह्या ठोकायचो आणि दुपारी घरी जेवायला जायचो.

दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळतात म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये आमचं कौतुक झालं. आम्हा दोघांना शाल मिळाली. एका साहेबांनी तर आमच्या जोडीचा आदर्श घ्या म्हणून सगळ्यांना सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो आणि लोकांना तो विनय वाटला.

त्याच हंगामात आमच्या गल्लीतली वैनी तोडीवरून मधूनच परत आली. नवऱ्यानं तिला एसटीतून उतरवून थेट केंद्रावर आणलं. पाचवा महिना चालू, अंगात फणफणता ताप. तिथं गोळ्या घेतल्या होत्या, पंधरा-वीस दिवस बरं वाटलं, मग थंडी वाजून पुन्हा सुरू. मी रक्त घेतलं आणि कितीतरी दिवसांनी खरोखर बघितलं. पहिल्या पाच जागांतच जंतू दिसले. गोळी हरली होती. वैनीला दुसरं औषध हवं होतं, आणि ते जिल्ह्याच्या साहेबांच्या ताब्यात होतं.

मी साहेबांना फोन लावला, त्यांनी आधी कार्डावर काय लिहिलंय ते विचारलं. वैनीनं ते पदरातून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. सातव्या दिवशी जंतू नाहीत, खाली माझी सही.

फोनवर साहेब शांतपणे बोलले. एकतर मी आधी चूक केली असं लेखी द्यायचं, मग औषध सुटेल. नाहीतर हा नवा ताप धरायचा आणि जुन्याच गोळ्या पहिल्यापासून सुरू करायच्या. मी कागद समोर घेतला. नोकरी, शाल, दोस्त, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी 'नवा ताप' लिहिलं आणि वैनीच्या हातावर त्याच गोळ्या ठेवल्या. भित्रा होतो, दुसरं काय सांगू.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट पडलं. त्या दुपारी मी लिहून दिलं की स्लाईड न बघताच सही केली होती. दुसरं औषध आलं. ताप दोन दिवसांत उतरला. माझ्यावर चौकशी बसली, दोस्तानं फोन उचलायचं बंद केलं, आणि अहवालात वैनीचा नंबर 'तपशील अपुरा' म्हणून गाळला गेला. गोळी कागदावर शाबूत राहिली.

मी तिच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ती म्हणाली, "भावजी, तोडीच्या गावातल्या नर्सबाईनं ताप परत आल्यावर मला मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आणली व्हती. मीच बसले न्हाई. म्हणले, कार्डावर आमच्या गल्लीतल्या माणसाची सही हाय, त्यो खोटं लिव्हील व्हय? आन् मोळ्या बांधाया गेले."